भटकणाऱ्याची वाट आणि सापळ्याची जागा



विज्ञानावरच्या व्याख्यानाला कृष्णविवरं किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता असा विषय असेल, अशी अनेकांची अपेक्षा असणार. मी मात्र फांद्या फुटलेल्या पॉलिमरच्या रेणूत भटकणाऱ्या एका कणाबद्दल आणि त्याच रेणूत त्याची वाट पाहत बसलेल्या सापळ्याबद्दल बोलणार आहे. तो कण सापळ्यात कधी पडतो? लवकर पडावा यासाठी काय करावं लागतं? एवढाच माझा प्रश्न आहे. तो लहान दिसतो, पण हिरव्या पानात प्रकाश कसा पकडला जातो आणि जमिनीखालच्या स्फोटकाचा वास यंत्राला कसा येतो, इथपर्यंत त्याचे धागे जातात.

आज मला जे सांगायचं आहे, ते आधीच सांगून टाकतो. भटकणारा किती वेगवान आहे, यावर फारसं काही ठरत नाही. वाटा कशा जोडल्या आहेत आणि सापळा कुठे बसवला आहे, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

सुरुवात 1905 सालापासून करू. त्या वर्षी जुलैत ‘नेचर’ साप्ताहिकात कार्ल पिअर्सन यांचं एक छोटंसं पत्र छापून आलं. प्रश्न असा होता : एक माणूस एका जागेवरून निघतो, ठराविक लांबीचं पाऊल टाकतो, मग वाटेल त्या दिशेला वळून तेवढंच दुसरं पाऊल टाकतो. अशी अनेक पावलं टाकल्यावर तो मूळ जागेपासून किती दूर असेल? पिअर्सन यांच्या मनात त्या वेळी डास होते. डबक्यातून निघालेले डास किती दूर पसरतात, हे त्यांना हवं होतं. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात असतो, हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली आपल्याच देशात, सिकंदराबादला दाखवून दिलं होतं. त्यामुळे डासांच्या भटकंतीचं गणित हा तेव्हा जीवनमरणाचा प्रश्न झाला होता.

पत्राला लॉर्ड रॅले यांनी लगेच उत्तर दिलं. ध्वनीच्या अभ्यासात आपण हे गणित 1880 सालीच सोडवलं आहे, असं त्यांनी कळवलं. उत्तराचं सार आज महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. शंभर पावलं टाका, साधारण दहा पावलांइतके दूर जाल. दहा हजार टाका, शंभर पावलांइतके. अंतर पावलांच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. म्हणजे भटकणारा बहुतेक काळ स्वतःच्याच जुन्या खुणांवरून फिरत असतो.

मग पुढचा प्रश्न येतो. तो निघालेल्या जागी परत येतो का? हंगेरीचे गणिती जॉर्ज पोल्या यांनी 1921 साली याचं उत्तर दिलं. सरळ रेषेवर फिरणारा परत येणारच. सपाट पटावर फिरणाराही परत येणारच, त्याला कितीही वेळ लागो. पण तीन मितींच्या जाळीत फिरणाऱ्याची परत येण्याची शक्यता फक्त 34 टक्क्यांच्या आसपास असते. भटकणारा तोच, पाऊल तेच, आणि नशीबही तेवढंच आंधळं. बदलली ती फक्त जागा, आणि तेवढ्याने निकाल फिरला. ही गोष्ट मनात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच उभं राहणार आहे.

आता सापळा. 1932 साली अमेरिकेत रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम आर्नल्ड यांनी क्लोरेला नावाच्या हिरव्या शेवाळावर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले आणि बाहेर पडणारा ऑक्सिजन मोजला. निकाल चक्रावणारा होता. ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडायला हरितद्रव्याचे सुमारे अडीच हजार रेणू लागत होते. प्रत्येक हरितरेणू स्वतंत्रपणे काम करत असेल, तर इतके कशाला लागावेत? पुढे उलगडा झाला. बहुतेक हरितरेणू स्वतः रसायन घडवत नाहीत. ते प्रकाश झेलतात आणि मिळालेली ऊर्जा शेजाऱ्याकडे देतात, शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे. असं करत ती ऊर्जा एका अभिक्रिया-केंद्रापाशी पोचते आणि तिथे अडकते. एका केंद्रामागे असे सुमारे तीनशे हरितरेणू पडतात. या हिंडणाऱ्या ऊर्जेला एक्सायटॉन म्हणतात आणि अडकण्याच्या जागेला सापळा. आपल्या सगळ्यांच्या ताटातलं अन्न या सापळ्यातून आलेलं आहे.

पण इथे घाई आहे. एक्सायटॉन अमर नाही. तो काही अब्जांश सेकंद जगतो. तेवढ्यात सापळा सापडला तर काम झालं, नाहीतर ऊर्जा उष्णता होऊन किंवा मंद प्रकाश होऊन वाया जाते. सापळ्याची कार्यक्षमता म्हणजे या शर्यतीचा निकाल. शंभर एक्सायटॉन निघाले, त्यांतले किती जिवंतपणी पोचले?

हे आकड्यांत मांडलं इलियट माँट्रोल यांनी, 1969 साली. समजा, हजार जागा आहेत आणि त्यांतल्या एका जागी सापळा. त्या जागा एका कड्यात ओवल्या, तर सापळा गाठायला सरासरी एक लाख सहासष्ट हजारांहून जास्त पावलं लागतात. त्याच हजार जागा सपाट चौकटीच्या जाळीत मांडल्या, तर सुमारे दोन हजार चारशे. घनाकार जाळीत मांडल्या, तर दीड हजारांच्या आत. जागा तेवढ्याच, सापळाही एकच. फक्त जोडणी बदलली आणि लाखाचे हजार झाले.

इथून पॉलिमरकडे वळू. पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून झालेला प्रचंड रेणू. रबर, नायलॉन, रंग, डिंक, आपली प्रथिनंसुद्धा यातच येतात. असे महारेणू खरोखर असतात, हे 1920 साली हेर्मान श्टाउडिंगर यांनी मांडलं तेव्हा बरेच रसायनज्ञ मानायला तयार नव्हते. त्यांना नोबेल मिळालं 1953 साली. पुढे पॉल फ्लोरी यांनी फांद्या फुटणाऱ्या पॉलिमरांचं गणित मांडलं. प्रत्येक घटकाला जोडणीसाठी दोनच हात असतील, तर सरळ साखळी होते. तीन हात असतील, तर फाटे फुटतात, फाट्यांना फाटे फुटतात, आणि एका ठराविक क्षणी भांड्यातला पातळ द्रव अचानक जेल होतो. तीन हातांच्या घटकांत सरासरी निम्म्या जोडण्या झाल्या की तो क्षण येतो.

अशा फाटेफुटीला शिस्त लावता आली तर? 1978 साली जर्मनीत फ्रिट्झ फ्योग्टले यांनी आणि 1985 साली अमेरिकेत डोनाल्ड टोमालिया यांनी एकेका थराने वाढवलेले, झाडासारखे नियमित रेणू बनवले. त्यांना डेंड्रिमर म्हणतात. मध्ये एक गाठ, तिला तीन फांद्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला पुन्हा दोन, त्यांच्या टोकांना पुन्हा दोन दोन. प्रत्येक थर म्हणजे एक पिढी. दहा पिढ्या झाल्या की 3,070 गाठी होतात. खऱ्या रेणूत इतक्या पिढ्या निर्दोषपणे वाढवणं अवघड जातं, कारण बाहेरच्या थरात दाटी होते. पण हिशोबासाठी दहा घेऊ.

आता या झाडावर आपला भटका सोडू. सापळा मधल्या गाठीत, भटका सर्वांत बाहेरच्या टोकावर. त्याला किती पावलं लागतील?

याचं उत्तर काढायला एक नियम आहे आणि तो इतका सुंदर आहे की तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ज्या जाळ्यात बंद वळसे नाहीत, म्हणजे कुठल्याही दोन गाठींमध्ये एकच वाट आहे, त्यातला कुठलाही दुवा पहिल्यांदा ओलांडायला लागणारी सरासरी पावलं म्हणजे त्या दुव्याच्या मागे असलेल्या एकूण दुव्यांची दुप्पट अधिक एक. का? कारण मागचा प्रत्येक दुवा सरासरीने एकदा जाताना आणि एकदा येताना तुडवला जातो. मग ओलांडण्याचं एक पाऊल. संपला नियम. मागच्या दुव्यांची रचना कशीही असो, संख्या तेवढी महत्त्वाची.

साध्या साखळीवर तो लावून पाहा. टोकाच्या मागे काहीच नाही, म्हणून पहिलं पाऊल 1. पुढच्या दुव्याच्या मागे एक दुवा, म्हणून 3. मग 5, मग 7. विषम संख्यांची बेरीज म्हणजे वर्ग, हे शाळेत शिकलेलंच आहे. म्हणून साखळी जितकी लांब, तिचा वर्ग तितकी पावलं. पिअर्सन यांच्या भटक्याचा वर्गमुळाचा नियम इथे वर्गाच्या रूपात भेटतो.

आता झाडावर लावा. टोकापासून आत येताना दुव्यांच्या मागचं झाड दर थराला दुपटीहून थोडं जास्त वाढतं. पावलं येतात 1, मग 5, मग 13, मग 29. दहा थरांची बेरीज होते 4,062. आता 3,071 गाठींची सरळ साखळी घ्या आणि तिच्या मधोमध सापळा ठेवा. टोकापासून मध्यापर्यंत 1,535 दुवे. त्याचा वर्ग 23,56,225. एका बाजूला चार हजार, दुसऱ्या बाजूला साडेतेवीस लाख. साहित्य जवळजवळ तेवढंच, पण फांद्या फोडल्या आणि काम सुमारे पाचशे ऐंशी पटींनी सोपं झालं.

तर मग झाड ही आदर्श रचना झाली का? इथे घाईने हो म्हणू नका. झाडाच्या टोकापासून मध्यापर्यंत फक्त दहा दुवे आहेत. दहा दुव्यांची सरळ साखळी असती, तर शंभर पावलांत काम झालं असतं. झाडावर चार हजार लागतात. झाड भटक्याला सापळ्याच्या जवळ आणून ठेवतं आणि तरीही आत येऊ देत नाही. कारण उघड आहे : प्रत्येक फाट्यावर बाहेर जाणाऱ्या वाटा दोन, आत येणारी एक. काहीही न ठरवता चालणारा माणूस तीनांतून दोनदा बाहेरच जाणार. कोणी त्याला ढकलत नाही. वाटांची संख्याच त्याला ढकलते. भौतिकशास्त्रात एन्ट्रॉपीचा रेटा म्हणतात तो हाच.

आता सापळा हलवू. मध्यातून उचलू आणि बाहेरच्या एखाद्या टोकावर ठेवू. भटका मधल्या गाठीपासून निघेल. अंतर तेच, दहा दुवे. बाहेर जायला तर रेटा मदतच करतो, मग हे सोपं व्हायला हवं ना? तोच नियम लावा. सापळ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक दुव्याच्या मागे आता जवळजवळ सगळं झाड आहे. बेरीज येते 57,318. म्हणजे चौदा पट. रेटा बाहेर नेतो हे खरं, पण दीड हजारांहून जास्त टोकांपैकी नेमक्या त्या टोकाकडे नेत नाही. तोच रेणू, तीच रसायनं, फक्त सापळा चुकीच्या जागी बसला आणि कार्यक्षमता धुळीला मिळाली. सापळ्याच्या जागेबद्दल मी आग्रहाने का बोलतो, हे आता लक्षात आलं असेल.

ज्या जाळ्यांत बंद वळसे असतात, खऱ्या जेलमध्ये असतात तसे, तिथे हा नियम चालत नाही आणि हिशोब अवघड होतो. अशा गुंतागुंतीच्या जाळ्यात फिरणाऱ्या भटक्याला प्येर-जिल द जेन यांनी 1976 साली ‘भूलभुलैयातली मुंगी’ म्हटलं आणि ते नाव सगळ्या शास्त्रात रूढ झालं. सिएरपिन्स्की त्रिकोणावर, म्हणजे त्रिकोणातून मधला त्रिकोण पुन्हा पुन्हा काढून उरणाऱ्या आकृतीवर, ही मुंगी सोडली तर दुप्पट अंतर जायला तिला चारपट नव्हे, पाचपट वेळ लागतो. छिद्रं, अडथळे, आंधळ्या वाटा तिला मागे खेचतात. 1982 साली अलेक्झांडर आणि ऑरबाख यांनी तर असं सुचवलं की जेल होण्याच्या नेमक्या क्षणी तयार होणारं जाळं भटक्याच्या दृष्टीने सुमारे चार तृतीयांश मितींचं असतं. म्हणजे दोनाहून कमी. पोल्यांचं आठवा : दोन किंवा कमी मितींत भटका जुन्या जागी परत येतच राहतो. अशा जाळ्यात जवळचा सापळा चुकत नाही आणि दूरचा वेळेत सहसा भेटत नाही.

मग झाडाचा तो बाहेरचा रेटा मोडायचा कसा? उत्तर आपल्या नद्यांनी दिलेलं आहे. कृष्णेचं खोरं नकाशावर पाहा. ते डेंड्रिमरसारखंच झाड आहे : मुख्य प्रवाह, उपनद्या, ओढे, ओहोळ. महाबळेश्वरावर पडलेला पाण्याचा थेंब या झाडात वाट चुकत नाही, कारण जमिनीला उतार आहे. रेणूलाही उतार देता येतो. बाहेरच्या थरांत ऊर्जेची पातळी उंच आणि आत येत जाईल तशी खाली, अशी रचना केली, की आतलं पाऊल सोपं होतं, बाहेरचं कठीण.

किती उतार पुरेसा? इथे गणित पुन्हा स्वच्छ बोलतं. बाहेर दोन वाटा आहेत, म्हणून आतली एक वाट बाहेरच्या प्रत्येक वाटेपेक्षा दुप्पट सोपी झाली की रेटा बरोबर फिटतो. तेव्हा दहा पिढ्यांचं झाड दहा दुव्यांच्या साखळीसारखं वागतं : शंभर पावलं. आणखी थोडं पुढे जाऊन आतली वाट चौपट सोपी केली, तर फक्त सव्वीस पावलं. 4,062, मग 100, मग 26. याची किंमत काय? खोलीच्या तापमानाला दुप्पट सोपेपणासाठी दर पायरीला सुमारे 0.018 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सोडावी लागते. दृश्य प्रकाशाच्या एका कणात दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. शेकड्याला एकाहूनही कमी, इतकी दर पायरीची किंमत. एवढ्याशा दरात एवढा फायदा निसर्गात क्वचित मिळतो.

आणि हे कागदावरच राहिलेलं नाही. 1996 साली इलिनॉय विद्यापीठात देवदॉस, भारती आणि मूर यांनी असा उतार असलेला एक डेंड्रिमर बनवला. आतल्या फांद्या लांब, बाहेरच्या आखूड. लांब तुकड्यात ऊर्जेची पातळी खाली असते, म्हणून उतार आपोआप तयार झाला. मध्ये पेरिलीन नावाच्या चमकणाऱ्या रेणूचा सापळा. बाहेरच्या थराने झेललेली ऊर्जा सुमारे 98 टक्के मध्यापर्यंत पोचली. पुढच्याच वर्षी बार-हैम, क्लाफ्टर आणि कोपेलमन यांनी अशा रेणूंचं भटकंतीचं गणित मांडलं. गणित आणि काचेच्या नळीतलं रसायन इतक्या जवळ येतात तेव्हा मला अतिशय आनंद होतो. आपल्या विद्यापीठांत हे दोन विभाग वेगवेगळ्या इमारतींत असतात आणि एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत, याचं मला तितकंच दुःख आहे.

पण उतार म्हणजे सदैव भलं, असंही नाही. ही सावधगिरीची गोष्ट मुंबईची आहे आणि ती सांगताना अभिमान वाटतो. 1983 साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुस्तनसिर बर्मा आणि दीपक धर यांनी प्रश्न विचारला : जाळं नियमित नसेल, वेडंवाकडं असेल, आणि भटक्याला एका दिशेला ढकललं, तर तो वेगाने जाईल का? थोडं ढकललं तर जातो. जास्त ढकललं तर हळू जातो. एका मर्यादेपलीकडे ढकललं तर दीर्घकाळचा सरासरी वेग शून्य होतो. कारण असं जाळं आंधळ्या बोळांनी भरलेलं असतं. जोराने ढकललेला कण त्यांच्या तळाशी जाऊन बसतो, आणि बाहेर यायला त्याला ढकलणाऱ्याच्याच विरुद्ध यावं लागतं. ठेवलेल्या सापळ्याआधी न ठेवलेले सापळे त्याला गिळतात. नियमित डेंड्रिमरमध्ये जो उतार वरदान, तोच अस्ताव्यस्त जेलमध्ये शाप. दीपक धर यांना 2022 साली सांख्यिकी भौतिकीतलं सर्वोच्च मानलं जाणारं बोल्ट्झमन पदक मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. आपल्या वर्तमानपत्रांनी याला द्यायला हवी होती तेवढी जागा दिली नाही.

आणखी एक भारतीय नाव घ्यायलाच हवं, चेन्नईत जन्मलेले आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले एस. आर. श्रीनिवास वरधन. सापळे विखरून टाकले असतील, तर फार काळ कोण टिकतो? मन्रो डॉन्स्कर आणि वरधन यांनी 1970 च्या दशकात याचं काटेकोर उत्तर दिलं. टिकतो तो, जो योगायोगाने मोठ्या, सापळे नसलेल्या मोकळ्या पटांगणात सापडला. सरासरी घनता कितीही असो, अशी पटांगणं कुठेतरी राहतातच, आणि म्हणून शेवटचे भटके साध्या हिशोबापेक्षा बरेच जास्त जगतात. 2007 साली वरधन यांना गणितातलं आबेल पारितोषिक मिळालं. सापळे वाढवले की काम झालं, असं समजणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने हा निकाल लक्षात ठेवावा. सापळ्यांची संख्या वाढवण्याआधी त्यांची मांडणी पाहावी.

शेवटचं उदाहरण उलट्या दिशेचं. आतापर्यंत सापळा आपला होता. अमेरिकेतले रसायनज्ञ टिमोथी स्वेगर यांनी 1995 च्या सुमारास बाहेरून येणारा सापळा पकडायची युक्ती काढली. त्यांचे पॉलिमर प्रकाश टाकला की चमकतात. एक्सायटॉन त्यांच्या शेकडो घटकांवरून हिंडत जातो. टीएनटी या स्फोटकाचा एक रेणू कुठेही येऊन चिकटला की तो सापळा होतो, आणि हिंडणारा एक्सायटॉन त्यात अडकून सगळी साखळी विझते. सुटे चमकणारे रेणू असते, तर एका स्फोटक रेणूने एकच दिवा विझला असता. इथे भटकंतीमुळे एकाने शेकडो विझतात, म्हणून हवेतला अतिसूक्ष्म अंशही कळतो. सुरुंग शोधण्याची उपकरणं या तत्त्वावर बनली. जी भटकंती आपण वाया गेलेली पावलं म्हणून मोजत होतो, तीच इथे पहारा देते.

या सभागृहात बरेच विद्यार्थी दिसत आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर कागदावर तीन पिढ्यांचं झाड काढा. मध्ये एक गाठ, तिला तीन फांद्या, पुढे प्रत्येकीला दोन दोन. एकूण 22 गाठी होतील. बाहेरच्या टोकावर सोंगटी ठेवा आणि साधा फासा घ्या. 1 किंवा 2 पडले तर एक गाठ आत, 3 किंवा 4 पडले तर बाहेरच्या डाव्या फांदीवर, 5 किंवा 6 पडले तर उजव्या. टोकावर असाल तर फासा न टाकता एक पाऊल आत, तेही मोजायचं. मध्याला पोचेपर्यंतची पावलं लिहून ठेवा. असा खेळ शंभरदा खेळा आणि सरासरी काढा. ती 19 च्या जवळ यायला हवी. मग सोंगटी मध्यात ठेवा, एखादं टोक सापळा म्हणून ठरवा, मधल्या गाठीवर तीन फांद्यांना सारखी संधी द्या, आणि पुन्हा खेळा. त्या दुसऱ्या खेळाची सरासरी मी मुद्दाम सांगत नाही. नियम तुमच्याकडे आहे, दुवे 21 आहेत. आधी कागदावर काढा, मग फाशाने पडताळा.